पडद्यामागच्या सुराला वाद्य कोणतं?

कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टैत नादस्वरं घडतात. लाकूड आच्चाचं, म्हणजे आपल्याकडचा अंजन. तेही जुन्या घरांतून काढलेलं, वर्षानुवर्षं मुरलेलं. २०२२ मध्ये या वाद्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

पूर्वी देवळाच्या मिरवणुकीत आखूड, उंच पट्टीचं ‘तिमिरी’ वाजे. जवळच्याच तिरुवावडुदुरैच्या टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांनी लांब, खालच्या पट्टीचं ‘बारी’ रुजवलं. मैफलीतल्या सावकाश आलापनेला तेच सोयीचं. नादस्वर पितळी नव्हे, पण जागा पाहून वाद्य निवडण्याची ही रीत पाश्चात्त्य वाद्यवृंदांनीही पाळावी, विशेषतः पितळी वाद्य मंचाच्या पडद्यामागून वाजवायचं असेल तेव्हा.

बीथोवनच्या ‘लिओनोर क्र. ३’ या ओव्हर्चरमध्ये पडद्याआडून सुटकेची वर्दी येते. तिथं ट्रम्पेटच हवा, वाद नाही. घोळ होतो तो मालरच्या तिसऱ्या सिम्फनीत. तिथलं पडद्याआडून येणारं पोस्टहॉर्नचं, म्हणजे टपालगाडीच्या शिंगाचं, एकल वादन लांबलचक आणि हळवं. म्हणून बरेच वादक मऊ आवाजाचं फ्लूगलहॉर्न उचलतात. ही निवड पटत नाही. भिंत आणि दार आधीच वरच्या स्वरांशांची धार खातात. मऊ वाद्य त्यात आणखी बोथट होतं. झडपांचं पोस्टहॉर्न मिळालं तर तेच घ्यावं.

अंतराचंही गणित आहे. ३४ मीटरवरून सूर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो, त्यामुळे वादकाला कंडक्टर मॉनिटरच्या पडद्यावर दिसावा लागतो आणि किंचित आधी वाजवावं लागतं. एवढं सगळं तालमीच्या खोलीत ठरत नाही. वाद्यं दोन-तीन न्यावीत, दार अर्धं उघडावं आणि कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवावं.