उघड्या दारांची दप्तरे

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीची विनामूल्य देखभाल थांबविली. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ तारखेला, देशातील बँकांनी आपले संकेतस्थळ ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणावे म्हणून रिझर्व्ह बँकेने घातलेली मुदतही संपली. पहिल्या घटनेने कुलपाच्या कारखानदाराने जुन्या कुलपाची दुरुस्ती बंद केली; दुसरीने दारावरील पाटी खरी की खोटी हे ओळखण्याची सोय झाली. वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर चार ओळींत आटोपलेल्या या दोन वार्तांचा सामान्य माणसाच्या पैशाशी आणि कागदपत्रांशी किती निकटचा संबंध आहे, याची जाणीव आमच्या राज्यकर्त्यांना व संस्थाचालकांना आहे काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या टोलेजंग कचेऱ्यांचा आहे, अशी शहरी वाचकाची समजूत असेल तर ती सोडून दिलेली बरी. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात देवगाव फाटा म्हणून एक ठिकाण आहे. सेलू, जिंतूर आणि मंठा यांकडे जाणारे रस्ते येथे भेटतात. महाराष्ट्रात असे फाटे शेकड्यांनी आहेत, आणि एके काळी जेथे फार तर चहाचे हॉटेल आणि पंक्चरचे दुकान असे, त्या फाट्यांवर आता संगणक आला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि त्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडण्याचे काम पुष्कळ कमी झाले. उत्पन्नाचा दाखला, निवृत्तिवेतन, नोकरीचा अर्ज हे सारे त्याच यंत्रातून जाते. ही प्रगती आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या यंत्रात गावाचे दप्तर आले, त्याच्या दाराची काळजी कोणी घ्यावयाची, हे मात्र कोणीच ठरविलेले दिसत नाही.

प्रणालीची दुरुस्ती म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. लाखो ओळींच्या आज्ञावलीत चुका राहतातच. चूक सापडली की कंपनी ठिगळ तयार करून सर्वांना पाठविते. मात्र ठिगळ प्रसिद्ध होताच फाटले कोठे होते, हे चोरालाही कळते. तेथून पुढे शर्यत असते ती सज्जनाच्या तत्परतेची आणि चोराच्या उद्योगाची. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजच्या एका मोठ्या दोषावर ठिगळ निघाले. १२ मे रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी, ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने त्याच छिद्रातून शिरून ब्रिटनच्या रुग्णालयांसह सुमारे दीडशे देशांतील यंत्रे बंद पाडली. त्या दोन महिन्यांत ज्यांनी हात हलविला नाही, त्यांनीच प्रामुख्याने त्याची किंमत मोजली. त्यानंतरही जग जागे झाले नाही. जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो निराधार नाही. हाच ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या दुरुस्तीबरोबरच पसरला होता. १९ जुलै २०२४ रोजी तर ‘क्राउडस्ट्राइक’ या संरक्षक आज्ञावलीच्याच सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख यंत्रे ठप्प केली आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र घेऊन विमानात बसावे लागले. मग दुरुस्ती न केलेलीच बरी, असे कोणी म्हणेल. औषध एखाद्यास बाधले म्हणून वैद्यकच टाकून देण्यासारखे ते होईल. यातून घ्यावयाचा धडा वेगळा आहे. दुरुस्ती आधी दोन-चार यंत्रांवर तपासावी, मग सर्वत्र करावी. आणि दप्तराची एक प्रत यंत्रापासून अलग, वेगळ्या जागी ठेवावी. धान्य आणि बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, हे आमच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राला तर या बाबतीत अज्ञानाची सबब सांगताच येणार नाही. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये पडलेला दरोडा अजून विस्मृतीत गेलेला नाही. ११ ऑगस्ट रोजी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या खऱ्या व्यवस्थेऐवजी चोरांनी उभी केलेली खोटी व्यवस्था ‘द्या’ म्हणून उत्तर देत राहिली. दोन दिवसांनी आणखी रक्कम हाँगकाँगकडे वळविण्यात आली. एकूण नुकसान ९४ कोटी रुपयांवर गेले. पुढे जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या ‘सी-एज’ या एकाच कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांना देयक-व्यवस्थेपासून तात्पुरते तोडावे लागले. त्या बँकांचा स्वतःचा दोष नव्हता. त्यांच्या किल्ल्या दुसऱ्याच्या खुंटीला टांगलेल्या होत्या, इतकेच. ज्याच्या खुंटीवर आपली किल्ली आहे, त्याच्या घराची कडी तरी नीट लागते का, हे पाहण्याचे कर्तव्य संचालक मंडळांना टाळता येणार नाही.

तथापि, बहुतेक चोर भिंत फोडून येत नाहीत. ते टपालातून येतात. १९९९ मध्ये ‘मेलिसा’ विषाणू ईमेलला जोडलेल्या वर्डच्या कागदातून आला. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर २०१६ मध्ये फिलिपाइन्सला गेले, त्याची पूर्वतयारी नोकरीच्या अर्जाचे सोंग घेतलेल्या ईमेलांनी झाली होती. कागदात दडलेल्या आज्ञांना ‘मॅक्रो’ म्हणतात. आंतरजालावरून आलेल्या कागदांतील अशा आज्ञा आपोआप अडविण्यास मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये प्रारंभ केला. पण ‘मजकूर सुरू करा’ अशी विनंती करणारे बटण दिसले की ते दाबण्याची आमच्या कचेऱ्यांची सवय गेलेली नाही. पाठविणाऱ्याच्या नावावर न जाता त्याचा पूर्ण पत्ता वाचावा. बँकेचा खातेक्रमांक बदलल्याचे पत्र आले तर आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. पासवर्डबरोबर दुसऱ्या पडताळणीची जोड द्यावी. हे नियम साधे आहेत, म्हणूनच ते उपेक्षिले जातात. बँकांच्या नव्या नावाने तोतया संकेतस्थळ ओळखणे सुलभ होईल खरे. परंतु पाटी वाचण्याची तसदीच न घेणाऱ्यास पाटीचा काय उपयोग?

या साऱ्याला मराठीपुरती एक खास बाजू आहे, आणि तिची चर्चा सहसा होत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. असे असता आजही आमच्या अनेक कचेऱ्यांत व छापखान्यांत जुन्या फॉन्टांत मजकूर टंकित होतो. हे फॉन्ट देवनागरी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवितात; ज्या यंत्रात तो फॉन्ट नाही तेथे ठरावाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांगोळी उमटते. मग तो फॉन्ट मिळविण्यासाठी कोणत्या तरी अनोळखी ठिकाणाहून फुकटची, कुलूप फोडलेली प्रत उतरवून घेतली जाते आणि तिच्याबरोबर चोरही घरात येतो. शिवाय नवी प्रणाली घेतली तर जुना फॉन्ट चालणार नाही, या भीतीने जुने यंत्रच रेटले जाते. म्हणजे मराठीचा अभिमान नव्हे, मराठीविषयीचा आळस आमची दारे उघडी ठेवतो. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो, शोधता येतो आणि पन्नास वर्षांनीही संशोधकाच्या हाती लागण्याची आशा राहते. सरकारी कागद युनिकोडमध्येच स्वीकारला जाईल, असा दंडक कठोरपणे अमलात आला पाहिजे.

सर्वांत चिंताजनक सवय आहे ती एकाच पासवर्डवर साऱ्या कचेरीने काम करण्याची. यवतमाळ जिल्ह्यातील शेंदुरसनी या दीड हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाच्या नावावर काही महिन्यांत सुमारे २७ हजार जन्मांची नोंद झाल्याचे २०२५ च्या अखेरीस उघडकीस आले. त्याचा तपास यंत्रणा करतील. त्यात आम्ही शिरत नाही. पण गावच्या नावाची किल्ली भलत्याच हाती गेली तर केवढा अनर्थ ओढवू शकतो, हे सांगावयास तो एक आकडा पुरेसा आहे.

उपाय अवघड नाहीत. नवे यंत्र घेताना उद्घाटनाचा नारळ फुटतो, छायाचित्र छापले जाते. देखभालीला मात्र अंदाजपत्रकात स्वतंत्र सदरच नसते. विंडोज १० ची वाढीव देखभाल हवी असेल तर संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर मोजावे लागतात, आणि पुढील दोन वर्षे तो दर दुप्पट होत जातो. लहान पतसंस्थेला वा ग्रामपंचायतीला हे एकटीने झेपणार नाही. म्हणून जिल्हावार एक तज्ज्ञ पथक नेमून त्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. सहकार म्हणतात तो हाच. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा प्रवेशसंकेत असावा. आणि चूक घडताच ती सांगणाऱ्या कारकुनाला निलंबनाची धास्ती वाटू नये. २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय आदेशानुसार अशा घटनेची खबर सहा तासांत द्यावयाची असते. नागरिकांसाठी १९३० हा क्रमांक आहे. भीतीने दडविलेला प्रत्येक तास चोराच्या पदरात पडतो.

शासनाने गावाचा कागद गावकऱ्याच्या ट्रंकेतून काढून यंत्रात नेला, तो त्याच्या संमतीची फारशी वाट न पाहता. तेव्हा त्या यंत्राच्या सुरक्षिततेची जबाबदारीही फाट्यावरच्या दुकानदारावर किंवा अंगठा लावणाऱ्या म्हातारीवर ढकलता येणार नाही. ती ज्यांनी कागद नेला त्यांचीच आहे. येत्या अंदाजपत्रकांत या देखभालीसाठी किती रुपये ठेवले जातात, यावरून डिजिटल महाराष्ट्राच्या घोषणांची किंमत आम्ही ठरवू. आणि वाचकांनीही ठरवावी.