'वर्षाला किती करता?' हा प्रश्न उद्धट कसा?

अँजिओप्लास्टी कुठे करायची हे आपल्याकडे कुणीही सांगतो. चहाच्या टपरीवरसुद्धा चार नावं मिळतात. पण 'हृदयाचे ठोके मध्येच बिघडतात, कुणाला दाखवू?' असं विचारून बघा. तीच चार नावं मिळतील. गडबड तिथूनच सुरू होते.

हृदयात पाइपलाइन असते, तसं वायरिंगही असतं. रक्तवाहिनी तुंबली की स्टेंट टाकणं हे एक काम. ठोक्यांचा विजेचा मार्ग बिघडला तर तो दुरुस्त करणं हे वेगळंच काम, आणि ते करणारा इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टही वेगळा. म्हणजे कार्डिऑलॉजीची डीएम पदवी झाल्यावर पुन्हा एखाद-दोन वर्षं फक्त हेच शिकलेला डॉक्टर. घरातली वायर जळली तर आपण प्लंबरला बोलावत नाही. इथे मात्र दोघांच्याही पाटीवर 'हृदयरोगतज्ज्ञ' एवढंच लिहिलेलं. पेशंटने ओळखायचं कसं?

माझी मामेबहीण झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, पस्तिशीची. बसल्या बसल्या अचानक धडधड सुरू व्हायची, ठोके १८० च्या वर, आणि वीस मिनिटांनी बटण बंद केल्यासारखं सगळं शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. सहा वर्षं तिला 'टेन्शन घेऊ नका' हेच औषध चालू होतं. (पुरुष असती तर इतकी वर्षं हेच ऐकावं लागलं असतं का, मला शंका आहे.) शेवटी एकदा धडधड चालू असतानाच ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचली. तिथल्या तरुण एमबीबीएस डॉक्टरने आधी ईसीजी काढला, मग बाकीचं विचारलं. त्या वीतभर कागदावर निदान झालं. एसव्हीटी.

पुढे जिल्ह्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलने, नाव घेत नाही, 'आधी अँजिओग्राफी करून घेऊ' म्हणून सांगितलं. तिथे वायरिंगचं काम होतच नाही, हे आम्हाला बाहेरून कळलं. मग पुण्याला गेलो. काउंटरवर मी विचारलं, तुमच्याकडे एसव्हीटीची अ‍ॅब्लेशन वर्षाला किती होतात? तर मॅडमनी माझ्यापुढे रूमचे फोटो ठेवले. आत डॉक्टरांना तेच विचारलं तर ते म्हणाले, 'विश्वास नसेल तर दुसरीकडे जा.' गेलो. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी शांतपणे स्वतःचा आकडा सांगितला. या प्रकारच्या एसव्हीटीत शंभरातल्या पंचाण्णवांना एकदाच करून बरं वाटतं, शंभरात एखाद्याला नैसर्गिक वायरिंगला धक्का बसून पेसमेकर लागू शकतो, हेही सांगितलं. घाई नाही, गोळ्यांवर राहिलात तरी चालेल, म्हणाले. बहिणीने तिथेच करून घेतलं. पण असा डॉक्टर मिळणं हा नशिबाचा भाग का असावा?

आकडासुद्धा नुसता विचारून भागत नाही, कशाचा ते विचारावं लागतं. वयस्कर माणसांत जास्त दिसतं ते एट्रियल फिब्रिलेशन. त्यात ठोके ताल सोडून पडतात, हृदयात गुठळी होऊ शकते आणि लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. तिथे पहिला प्रश्न अ‍ॅब्लेशनचा नसतोच, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले पेशंट आपल्याकडे अजून आहेत. त्यांना नव्या महागड्या गोळ्या नाही, जुनी वॉरफॅरिनच्या जातीची गोळी आणि आयएनआरची नियमित तपासणी लागते. फिब्रिलेशनचं अ‍ॅब्लेशन एसव्हीटीपेक्षा अवघड, कित्येकांना पुन्हा करावं लागतं. म्हणजे एसव्हीटीत हात बसलेला डॉक्टर यातही तेवढाच तयार असेल असं नाही.

कॅथेटरचंही तेच. कंपनी म्हणते एकदाच वापरा. आपल्याकडे अनेक ठिकाणी ते निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. माझा सरसकट विरोध नाही, त्यामुळे खर्च आवाक्यात येतो. पण पेशंटला सांगा, आणि बिल नव्याचं लावू नका. स्टेंटच्या किमतींवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आणली, कारण त्यावर आरडाओरडा झाला होता. कॅथेटरवर कोण ओरडणार? पेशंट थोडे आणि विखुरलेले.

ब्रिटनमध्ये कुठल्या हॉस्पिटलात किती अ‍ॅब्लेशन आणि किती पेसमेकर झाले हे राष्ट्रीय ऑडिटमधून जाहीर होतं. आपल्याकडे २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. अनुभवाचा आकडा मात्र कुठेच नाही.

डॉक्टर मित्र म्हणतात, आकडे जाहीर झाले तर लोक अवघड पेशंट टाळतील, लहान हॉस्पिटलं मरतील. मृत्यूच्या आकड्यांबाबत ही भीती मला पटते. म्हणून मी ते मागत नाहीच. मला फक्त संख्या हवी आहे, प्रक्रियेच्या प्रकारानुसार. आणि सुरुवात करायला नवा कायदाही नको. आयुष्मान भारतच्या पॅकेजांत रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन आहे. सरकारी योजनांतल्या प्रत्येक दाव्याची नोंद राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे असते. हॉस्पिटलनिहाय बेरीज करून वेबसाइटवर टाकायला किती खर्च येतो? आपल्याच पैशाचा हिशेब आहे तो. यात सरकारी हॉस्पिटलंही येऊ देत. मुंबईच्या केईएममध्येही हे काम होतं, पण गावाकडच्या किती जणांना ते माहीत आहे?

तोपर्यंत एवढं करा. धडधड चालू असतानाच जवळ मिळेल तिथे ईसीजी काढा. तो कागद थर्मल असतो, हळूहळू पुसट होतो, म्हणून लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. इको आणि थायरॉइडचे रिपोर्ट सोबत ठेवा. केसपेपरची प्रत मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत द्यायची असते. कुणी नाही म्हटलं तर मागणी लेखी करा. आणि धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर हे सगळं बाजूला ठेवा. शॉकचं मशीन असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाठा, मग ते कुणाचंही असो.