भिडूला कळतं, मग समोरच्याला का नाही?

सुरुवातीलाच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा. र्‍हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण हा विषय आपल्या होस्टेलचा आहे, आणि होस्टेलमध्ये आपण भांडतो मराठीतच!

आमच्या विंगमध्ये ब्रिजचं वेड आहे. या वर्षीच्या टुर्नामेंटमध्ये मी आणि माझा रूममेट जोडीने उतरलो. समोर होते रेक्टर सर आणि लॅबचे काका. भिडूने ‘दोन चौकट’ अशी बोली लावली. ऐकणाऱ्याला वाटेल याच्याकडे चौकट भरपूर आहे. पण आमचं ठरलेलं होतं की दोन चौकट म्हणजे कमी पॉइंट्स आणि बदाम किंवा इस्पिकची सहा पानं. चौकटशी काही संबंध नाही! या कन्व्हेन्शनला ‘मल्टी’ म्हणतात आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे.

काकांनी विचारलं, “याचा अर्थ काय?”

मी म्हटलं, “वीक ओपनिंग, काका.”

खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. काकांच्या हातात १४ पॉइंट्स आणि चौकटची पाच पानं. चौकट भिडूकडेच आहे असं समजून ते पास झाले. मी दोन बदाम म्हटलं, पुढे सगळे पास. आमचा एक हात कमी पडला, त्यांना ५० मिळाले. सरांकडे ११ पॉइंट्स होते, म्हणजे त्यांचा तीन बिनहुकमीचा गेम सहज होता, ४०० चा. डाव संपल्यावर काकांनी पानं पाहिली आणि एवढंच म्हणाले, “बाळा, मी विचारलं होतं रे.”

त्या रात्री विंगमध्ये पार्टी झाली. मला मात्र मजा आली नाही.

मित्रांनो, ब्रिजचा नियम याबाबत अगदी स्पष्ट आहे. पत्ते लपवा, पण भाषा लपवू नका. दोन भिडूंमध्ये बोलीचा जो अर्थ ठरला आहे, तो जाणून घेण्याचा समोरच्या जोडीलाही हक्क आहे. म्हणून बोली वेगळ्या अर्थाची असेल तर बोलणाऱ्याच्या भिडूने ‘अलर्ट’ द्यायचा, आणि विचारलं की पूर्ण अर्थ सांगायचा. बोलणाऱ्याने स्वतः सांगायचं नाही, कारण मग भिडूलाही आयती माहिती मिळते. भिडूने अर्थ चुकीचा सांगितला तरी बोली चालू असताना तोंड बंद. नंतर दुरुस्ती करायचीच. डाव आपल्या जोडीचा असेल तर पहिलं पान पडण्याआधी, समोरच्यांचा असेल तर खेळ संपल्यावर.

काहीजण म्हणतील, “मग ब्लफ कसा मारायचा?” खुशाल मारा! हातात नसलेलं बोलायला बंदी नाही. अट एकच, तुमचा भिडूही समोरच्याइतकाच फसला पाहिजे. भिडूला आतून माहीत असेल तर तो ब्लफ नाही, ते संगनमत.

१९७५ च्या बर्म्युडा बाउलमध्ये इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा ठपका आला. आपण म्हणतो, छे, किती हा चीटपणा! पण पायाची खूण आणि न सांगितलेला अर्थ, दोन्ही गुप्त भाषाच. माझे पाय टेबलाखाली गप्प होते, एवढाच काय तो फरक.

आपण इंजिनिअर लोक, म्हणून एक उदाहरण देतो. केर्कहॉफ्स नावाच्या माणसाने १८८३ मध्ये लिहून ठेवलं की सांकेतिक पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी हवी, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. ब्रिजमध्ये पत्ते ही किल्ली. पद्धत लपवूनच जिंकता येत असेल, तर पद्धतीत दम नाही.

“ज्याला येत नाही त्याने शिकून यावं,” असं आमच्या विंगमधले सीनियर्स म्हणतात. मला हे पटत नाही. मल्टी माहीत नसणं हा काकांचा दोष नाही, ते तर रीतसर विचारत होते. फर्स्ट इयरची पोरं तर विचारायलाही घाबरतात. त्यांना अशा रीतीने दोन-तीनदा हरवलं की ती परत मेंढीकोटकडे वळतात, आणि मग आपणच ओरडतो की चौथा गडी मिळत नाही!

म्हणून पुढच्या टुर्नामेंटसाठी तीन सूचना. प्रत्येक जोडीने आपल्या कन्व्हेन्शन्स एका कागदावर लिहून टेबलावर ठेवाव्यात. अलर्ट सक्तीचा करावा. आणि अर्धवट अर्थ सांगितल्यामुळे समोरच्यांचं नुकसान झालं, तर स्कोअर बदलण्याचा अधिकार पंचांना द्यावा. खऱ्या स्पर्धांमध्ये हे सगळं आहेच, आपण नवीन काही करत नाही.

हा नियम आधीच असता तर आमची ती मॅच गेली असती. गेली असती तर गेली असती.

काकांना मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. समोर गेलो की ते “काय रे, जर्नल आणलंस का?” एवढंच विचारतात. हा अंक हातात आला की पहिली कॉपी त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. या वेळी न विचारता, पूर्ण अर्थासकट.