‘वुई गॉट फ्रीडम’ एवढंच का?



ऑगस्ट जवळ आला की सातवी-आठवीच्या इंग्रजी निबंधात एक वाक्य हमखास येतं : ‘वुई गॉट फ्रीडम इन 1947.’ व्याकरणाने ते चूक नाही. मराठीतलं ‘स्वातंत्र्य मिळालं’ मुलांनी तसंच उचललेलं असतं. पण तयार निबंध पाठ करून घेण्यापेक्षा ‘इंडिपेन्डन्स’च्या आधी कोणतं क्रियापद येतं, हे आपण शिकवावं असं मला वाटतं. कारण क्रियापद बदललं की गोष्ट कोणाची, तेच बदलतं.

‘गेन’ आणि ‘अचीव्ह’ कुठेही चालतात. ‘विन’ म्हटलं की झगडा आला. ‘डिक्लेअर’ म्हणजे आपण होऊन जाहीर करणं. आणि ‘ग्रँट’? त्यात कर्ता देणारा असतो, आपण नुसते घेणारे.

आता हेच आपल्या भागाला लावून बघा. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. 1942 च्या चळवळीनंतर 1943 पासून इथे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. गावोगावी न्यायनिवाडे झाले, तुफान सेना उभी राहिली. 1947 उजाडायला अजून वेळ होता! इंग्रजीत याला ‘सेट अप अ पॅरलल गव्हर्नमेंट’ किंवा ‘रन अ पॅरलल गव्हर्नमेंट’ म्हणतात. ज्या मुलाच्या गावात हे घडलं, त्याने फक्त ‘गॉट’ लिहून थांबावं, हे मला तरी पटत नाही.

शब्दयोगी अव्ययातही मुलं अडकतात. ‘इंडिपेन्डन्स फ्रॉम ब्रिटिश रूल’ बरोबर. पण विशेषण आलं की साधारणपणे ‘ऑफ’ : ‘इंडिपेन्डन्ट ऑफ हिज पेरेंट्स’. स्वतः कमावणाऱ्या ताईबद्दल ‘फायनान्शिअली इंडिपेन्डन्ट’. ‘स्वतःच्या पायावर उभं राहणं’ मात्र इंग्रजीतही जवळजवळ तसंच आहे, ‘स्टँड ऑन युवर ओन टू फीट’. ते मुलांना लगेच आवडतं.

एक गंमत सांगायची राहिली. आपण ‘स्वतंत्र कागदावर लिहा’ म्हणतो, मग पोरं ‘इंडिपेन्डन्ट पेपर’ लिहितात. तिथे ‘सेपरेट’ हवं. हसू येतं, पण चूक आपल्या मराठी सूचनेतून आलेली असते, त्यामुळे ओरडू नका.

पालकांनी घरी एवढंच करावं : आजोबा-आजींना प्रतिसरकारबद्दल ऐकलेलं विचारायचं आणि मुलाला त्यावर तीन वाक्यं इंग्रजीत लिहायला लावायची. वहीत ‘ग्रँट’ दिसलं तर लगेच खोडू नका. समासात ‘देणारा कोण?’ एवढं लिहा आणि वही परत द्या.