चुकीचा भाग आणि हक्काचा राग

शिवणयंत्राच्या एका लहानशा भागापायी एखाद्या घराचा संसार आठवडाभर अडून बसावा, ही गोष्ट सुस्थित माणसाला अतिशयोक्तीची वाटेल. पण तालुक्याच्या गावातील एखाद्या कारकुनाच्या घराची कल्पना करावी. पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कसाबसा पुरतो. उरलेल्या दहा दिवसांचा भार गृहिणी शिवणाच्या मिळकतीवर पेलते. दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे, शेजारणींची कापडे घरात येऊन पडली आहेत, आणि नेमके तेव्हाच यंत्राचे शटल झिजून टाके सुटू लागतात. गावच्या दुकानात तो भाग मिळत नाही. मुलगा मोबाईलवर शोधून तो मागवतो, पैसे आगाऊ भरतो. चौथ्या दिवशी खोके येते आणि त्यातून निघते ते कारखान्यातील जलद यंत्राचे शटल. घरच्या यंत्रात ते बसत नाही, बसणारही नाही.

अशा वेळी त्या घरात जो संताप उसळतो, त्याला क्षुल्लक कारणावरची चिडचिड म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. प्रश्न दोन-तीनशे रुपयांचा नसतो. दिलेला शब्द मोडणार असतो, जोडलेले गिऱ्हाईक दुरावणार असते. त्याहून बोचते ते हे की, चूक दुसऱ्याची असताना ती निस्तरण्याचे सारे श्रम ज्याचे नुकसान झाले त्याच्याच माथी येतात. त्यानेच छायाचित्रे काढायची, त्यानेच तक्रार नोंदवायची, त्यानेच दूरध्वनीवर ठरावीक ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकत ताटकळायचे. अखेर एखादा माणूस बोलू लागलाच, तर शटल म्हणजे काय येथपासून त्याला समजावून सांगायचे.

दूरच्या व्यापाऱ्याकडून माल मागवण्याची रीत काही नवी नाही. पोस्टाच्या व्ही. पी.ने पुस्तके, औषधे आणि घड्याळे मागवणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. पैसे मोजल्याखेरीज पुडके हाती पडत नसे आणि हाती पडल्याखेरीज ते उघडता येत नसे. फसगत तेव्हाही होई. परंतु नेहमीचा व्यवहार कोपऱ्यावरच्या दुकानातच होत असे. चुकीचा माल मिळाला की गिऱ्हाईक तो घेऊन दुकानाची पायरी चढे. दुकानदार कुरकुर करी, पण समोर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे त्याला जड जाई. आजच्या व्यवहारात ती पायरीच उरलेली नाही. विक्रेता एका शहरात, गोदाम दुसऱ्या शहरात, बाजार चालवणारी कंपनी तिसरीकडे. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि ग्राहक मध्येच लटकत राहतो.

सुट्या भागांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक होतो, त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. एकाच यंत्राच्या दोन नमुन्यांत कित्येकदा क्रमांकातील एका अक्षराचाच फरक असतो. चित्रात दोन मिलिमीटरचा फरक दिसत नाही. ‘सर्व यंत्रांना चालेल’ असे लिहिले की खप वाढतो, म्हणून विक्रेता तसे बेधडक लिहितो. गोदामातील कामगार खोक्यावरची पट्टी पाहून माल उचलतो. पट्टीच चुकीची लागली असेल, तर त्याचा इलाज चालत नाही. ग्राहकही सर्वस्वी निर्दोष नसतो. जुना भाग न मोजता, क्रमांक न पडताळता, केवळ स्वस्त म्हणून मागणी नोंदवणारे पुष्कळ आहेत. पण मागवले एक आणि आले दुसरे, तेथे हा युक्तिवाद विक्रेत्याच्या कामाचा नाही.

मग या संतापाचे करायचे काय? बहुधा तो दारात उभ्या असलेल्या पोऱ्यावर निघतो. खोके आणून देणाऱ्या त्या मुलाने ना तो माल निवडला, ना बांधला. त्याला फेरीमागे पैसे मिळतात आणि तक्रार झाली तर तेही बुडण्याची धास्ती असते. त्याच्यावर खेकसल्याने मन क्षणभर हलके होते, शटल मात्र मिळत नाही. दुसरे टोक म्हणजे हताश मौन. ‘जाऊ द्या, तेवढ्यासाठी कोण भांडत बसणार’ असे म्हणून ती वस्तू फडताळात टाकून दिली जाते. मध्यमवर्गीय घरांतील अशा फडताळांवरच बेफिकीर व्यापार पोसला जातो.

वस्तुतः कायदा ग्राहकाच्या बाजूने पुरेसा स्पष्ट आहे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यातच आहे. वेगळा करार नसेल, तर नाकारलेला माल स्वखर्चाने परत पोचवण्याचे बंधनही तो कायदा ग्राहकावर घालत नाही. माल नाकारल्याचे विक्रेत्यास कळवणे पुरेसे मानतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याच महिन्यात ई-व्यापाराचे नियमही लागू झाले. माल जाहिरातीप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, तर तो परत घेण्यास वा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे, असे हे नियम सांगतात. तेवढ्याने भागले नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो तेथेच दावा दाखल करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

तीनशे रुपयांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार, हा आक्षेप खरा आहे. आयोगांपुढील प्रकरणे कायद्याने नेमून दिलेल्या मुदतीत सर्वत्र निकाली निघत नाहीत, हेही खरे. म्हणूनच लढाई पहिल्या पायरीवर जिंकण्याची सवय हवी. खोके उघडतानाच छायाचित्रे घ्यावीत. मागणीचे पान, पावती आणि आलेली वस्तू एकत्र ठेवावी. तक्रार लेखी करावी. तीत मागणीचा क्रमांक, मागवलेला भाग, आलेला भाग आणि हवी असलेली भरपाई एवढेच नेमके लिहावे. शिव्याशापांनी भरलेले पत्र बाजूला सारणे सोपे असते. तारीखवार लिहिलेले चार ओळींचे पत्र बाजूला सारणे अवघड जाते. कारकुनाला आणि शिक्षकाला ही विद्या नव्याने शिकवायला नको. कचेरीतील टिपण जितक्या काळजीने लिहिले जाते, तेवढी काळजी स्वतःच्या हक्कासाठी घेतली की पुरे.

परंतु सारी जबाबदारी ग्राहकाच्या शिस्तीवर टाकून कंपन्यांना मोकळे सोडता येणार नाही. सुट्या भागाच्या विक्रीत नमुना क्रमांक आणि मिलिमीटरमधील मापे देणे सक्तीचे करावे. चूक सिद्ध झाली की योग्य वस्तू आधी रवाना व्हावी, चुकीची मागाहून नेली जावी. तक्रार मराठीत ऐकून घेणारा आणि निर्णयाचा अधिकार असलेला माणूस ग्राहकाला दूरध्वनीवर मिळावा. यातले काहीच अशक्य नाही. आठ दिवसांचे काम दोन दिवसांत करून दाखवणाऱ्या यंत्रणेला चूक दुरुस्त करताना मात्र तीन आठवडे का लागावेत, याचे उत्तर तिने द्यायला हवे.

मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना १९७५ साली झाली. ग्राहकाच्या हक्कांचा वेगळा कायदा देशात होण्यापूर्वीच मराठी मध्यमवर्गाने संघटित होऊन बाजाराला जाब विचारायला आरंभ केला होता. तो वारसा आज मोबाईलच्या पडद्यापाशी येऊन थबकला आहे. दिवाळीच्या तोंडावर यंत्र बंद ठेवून बसलेल्या त्या गृहिणीचा राग रास्त आहे. तो दारातल्या मुलावर खर्ची न पडता विक्रेत्याच्या टेबलापर्यंत लेखी पोचला, तर तिचे शटल तिला मिळेल. आणि पुढच्या घरी जाणाऱ्या खोक्यावर पट्टी लावणारा हात थोडा अधिक जपून चालेल.