सहीचा हात थांबला तर?

डोंबिवली काय, कल्याण काय नि ठाणे काय, बऱ्याच घरांत हेच चित्र. मुलगा अमेरिकेत नाहीतर बंगळुरूला, आणि दोन खोल्यांत दोघंच म्हातारी. फ्लॅट 'यांच्या' नावावर, पेन्शन यांच्या खात्यात, एफडीही यांच्याच. एक दिवस यांना पक्षाघाताचा झटका येतो, शुद्ध हरपते. हॉस्पिटलचं बिल रोज वाढतंय, पैसे बँकेत आहेत आणि काकूंना ते काढता येत नाहीत!

"अहो, पण आम्ही कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय की," असं कितीतरी जणी सांगतात. खरी मेख इथेच आहे. आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या २०१व्या कलमानुसार, अधिकार देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारपण संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी! अमेरिकेत यासाठी 'ड्युरेबल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी' आहे, भान गेल्यावरही टिकणारी. पण मुलाने तिकडचा मसुदा पाठवला आणि आपण तो इथे स्टॅम्प पेपरवर उतरवला, म्हणून इथला कायदा बदलत नाही.

मग करायचं काय? हायकोर्ट. नोव्हेंबर २०१८मध्ये हृदयक्रिया बंद पडून एका गृहस्थांच्या मेंदूला इजा झाली, ते बेशुद्धावस्थेतच राहिले. त्यांच्या पत्नीला पालक म्हणून नेमायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो ऑगस्ट २०२०मध्ये. कोमातल्या माणसाला पालक नेमण्यासाठी कायदाच नाही, असं दिसल्यावर कोर्टाने आपला खास अधिकार वापरला. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय तरी होती. २०१७च्या नव्या कायद्यात तीही उरली नाही. सुधारणा करताना ही फट कशी राहिली, कोण जाणे! नवरा आयसीयूत, आणि बायकोने लोकल पकडून फोर्टात वकिलाकडे खेटे घालायचे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. खातं दोघांच्या नावे हवं, तेही 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं. एफडीचंही तसंच; पण मुदतीआधी मोडायची तर बँक सहसा दोघांच्या सह्या मागते, म्हणून तशी लेखी सूचना आधीच देता येईल का, हे शाखेत विचारा. नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनीला पैसे मिळतात ते माणूस गेल्यावर, आजारपणात नव्हे. माणूस शुद्धीत आहे पण हात चालत नाही, अशा वेळी अंगठा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे तो, काउंटरवर 'नाही' म्हणाले तर मॅनेजरला भेटा.

बरं होण्याची आशाच नसेल तेव्हा उपचार किती लांबवायचे, हे आधी लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये ते मान्य केलं आणि जानेवारी २०२३मध्ये सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण हा कागद औषधोपचारापुरता, पैशाअडक्याला नाही.

आणि हो, या भीतीपोटी फ्लॅट आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू नका. फ्लॅट दोघांच्या नावे असला तरी विकायला दोन्ही सह्या लागतातच. पण निदान काकू त्या घराच्या मालकीण तरी राहतात.