चोरून टेप केलं तर बिघडलं कुठं?

सभ्य माणसांना चोरून केलेली टेप आवडत नाही. त्यांना तो विश्वासघात वाटतो. बंद दाराआडचं बोलणं दाराआडच राहावं, असा त्यांचा शिष्टाचार. बरोबरच आहे, दारं त्यांच्याकडं आहेत. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत शेजारच्याचा खोकलाही ऐकू येतो. पण आपल्याला जे ऐकवलं जातं ते त्यांच्याच दाराआड. केबिनमध्ये, वाड्याच्या माडीवर, चौकीच्या मागच्या खोलीत, अन् आता फोनवर. "केस मागं घे, नायतर गावात राहणं मुश्कील करीन" हे भर चावडीवर, चार पंच बोलावून कोण म्हणतो?

म्हणून पोरं खिशातल्या मोबाईलचं बटण दाबतात. लगेच साहेब विचारतो, परवानगी घेतली होती का रे? धमकी देणाऱ्यानं घेतली होती काय?

दोस्तहो, हा वाद जुना आहे आणि तो मुंबईतच पेटला. १९६४ साली एका नर्सिंग होममध्ये अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर पेशंट दगावला. चौकशी कॉरोनरकडं. कॉरोनरनं आपला अहवाल डॉक्टरच्या बाजूनं द्यायचे वीस हजार मागितले, मग दहावर आला. त्या पेशंटवर पुढं उपचार केलेल्या दुसऱ्या डॉक्टरनं लाचलुचपतवाल्यांना गाठलं, त्यांनी त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि कॉरोनरसाहेब सौदा करताना सापडले. त्यांचे वकील सुप्रीम कोर्टात म्हणाले, हा पुरावा बेकायदा, तारेच्या कायद्याचा भंग, मूलभूत हक्कांचा भंग. २२ सप्टेंबर १९७२ ला मलकानी खटल्याचा निकाल लागला. ज्या साली या शहरात पँथर जन्माला आली, तेच साल. कोर्ट म्हणालं: ज्याचा फोन त्यानं स्वखुशीनं जोडू दिलाय, यात तारेच्या कायद्याचा भंग नाही. आणि पुरावा मिळवला कसा हे बघायचं नाही. तो प्रकरणाशी संबंधित हवा, आवाज कुणाचा ते ओळखता यावं, टेपमध्ये खाडाखोड नाही हे सिद्ध व्हावं. झालं.

त्याआधी १९६७ ला मुंबईचाच आणखी एक खटला सुप्रीम कोर्टात गाजला होता. महापालिकेच्या कारकुनाला लाच देणाऱ्याचा. कारकुनाच्या घरात माईक लपवलेला, मशीन अन् माणसं आतल्या खोलीत. तिथं कोर्टानं पुरावा मानला, पण बजावलं की टेप पुसता येते, पुन्हा भरता येते, तेव्हा जपून.

इथवर आपली तक्रार नाही. जो माणूस बोलण्यात आहे त्यानं टेप केलं, तर मशीननं नवीन काय ऐकलं? जे त्याच्या कानानं ऐकलं तेच. फरक एवढाच की त्याचा कान फितूर होऊ शकतो, घाबरू शकतो, जबाब बदलू शकतो. अॅट्रॉसिटीच्या केसेस साक्षीदार फुटून कशा ढासळतात ते तुम्हाला मी सांगायला नको. गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि कोर्टात कुणीच पाहिलेलं नसतं. टेपला जमीन कसायची नसते, तिला कुणाच्या विहिरीवर जायचं नसतं.

पण एक तिसरा कानही आहे. दोघांच्या बोलण्यात नसलेला, दोघांनाही ठाऊक नसलेला. सरकारचा कान. मलकानी निकालात एक वाक्य असं आहे की टेलिफोनवरच्या चोरट्या हस्तक्षेपापासून निरपराध नागरिकाला कोर्ट संरक्षण देईल, गुन्हेगाराला नाही. वाचायला झकास. पण निरपराध कोण, हे ऐकून झाल्यावरच ठरणार ना! आधी ऐका, मग ठरवा, आणि सापडलाच तर ऐकणं योग्य होतं म्हणा. ज्यांच्या बापजाद्यांवर १८७१ च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला अन् तो पुसायला १९५२ उजाडलं, त्यांनी या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा? पोलिसी खात्याच्या लेखी आमची वस्ती निरपराध कधी होती?

१९९६ ला पीयूसीएलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं फोन ऐकण्याला बंधनं घातली. गृहसचिवाचा हुकूम हवा, मुदत हवी, आढावा समिती हवी. २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क. पण नियम मोडून ऐकलेलं पुराव्यातून फेकायचं की नाही? २००५ ला संसद हल्ल्याच्या खटल्यात उत्तर आलं: नियम मोडला म्हणून पुरावा बाद होत नाही. २०१९ ला मुंबई हायकोर्टानं उलट उत्तर दिलं. फोन ऐकण्याचे तीन हुकूम बेकायदा ठरवले, टेपा नष्ट करा म्हणाले. ती केस होती एका व्यावसायिकाची, बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपाची. त्याला वकील परवडला. असू दे, निकाल त्याच्या एकट्याच्या बापाचा नाही, आपणही तो वापरायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. या दोन कानांना एकच माप लावणं हा कावा आहे. नाडलेला माणूस स्वतःशी झालेलं बोलणं टेप करतो तेव्हा ते कोर्टानं ऐकलंच पाहिजे. सरकार नियम तुडवून ऐकतं तेव्हा ती टेप कोर्टाच्या पायरीवरच थांबली पाहिजे, मग आत आरोपी कुणीही असो. शत्रूच्या बाबतीतही. उद्या आपल्या एखाद्या वैऱ्याला अशा टेपेत अडकवलं म्हणून टाळ्या पिटू नका, दोरी तीच आहे.

आणि टेप असली म्हणजे जिंकलो, या भ्रमातही राहू नका. अॅट्रॉसिटी कायद्यात जातीवरून अपमान 'सार्वजनिक दृष्टीस पडेल' अशा जागी व्हावा लागतो. २०२० ला पंजाब-हरियाणा हायकोर्टानं म्हटलं, फोनवरची जातिवाचक शिवी बाहेरच्या कुणी ऐकलीच नाही तर हा गुन्हा नाही. त्याच साली सुप्रीम कोर्टानं चार भिंतीआडच्या शिवीबद्दल तसंच सांगितलं. म्हणजे बघा गंमत. चारचौघांत शिवी दिली तर चारचौघं फुटतात. एकांतात दिली तर टेप आहे, पण गुन्हा नाही! तरी टेप वाया जात नाही. धमकी हा वेगळा गुन्हा आहे, साक्षीदारावर दबाव हा वेगळा गुन्हा आहे, त्यांना चारचौघं लागत नाहीत. फिर्यादीत ती कलमं घालायला लावा. फौजदार एनसीवर भागवायला बघेल, हलू नका.

कामाचं एवढं. रेकॉर्डिंग ज्या फोनवर झालं तो फोन जपा. मधलं काही कापू नका, 'महत्त्वाचं तेवढंच' करून ग्रुपवर फिरवू नका. फिरलेली कॉपी म्हणजे विरुद्ध वकिलाची मेजवानी. २०२० च्या खोतकर-गोरंट्याल निकालाप्रमाणे मूळ यंत्र मालकानं स्वतः कोर्टात आणून साक्ष दिली तर सर्टिफिकेट लागत नाही. कॉपी दिली तर लागतंच. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष कायद्यात ते दोन भागांत आहे, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा, आणि फाईलचा हॅश त्यात लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा, एक अक्षर हललं की बदलतो. पोलीस फोन जप्त करतील, तो लॅबमध्ये जाईल, महिनोन्‌महिने येणार नाही. ज्याचं पोट त्या फोनवर डिलिव्हरी करून चालतं त्याला आपल्या शाखेनं दुसरा फोन घेऊन द्यावा, वर्गणी काढावी. जप्तीच्या पंचनाम्याची प्रत तिथल्या तिथं मागून घ्यायची.

आणि एक कलम पाठ करा: अॅट्रॉसिटी कायद्याचं १५ अ, पोटकलम दहा. या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग झालंच पाहिजे, असं २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत लिहिलंय. यात चोरून काही नाही. केस बोर्डावर आली की पहिल्या तारखेलाच लेखी अर्ज द्यायचा, कॅमेरा कुठं आहे म्हणून.